चार बोटांची मुडप

बनशंकरी,
१० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वीणास अनेक आशीर्वाद.

दर रविवारी भेट होत असताना ही बाई पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही. आणि तुम्ही इथे आलात की रूपश्री आपल्या दोघींच्या मधे बसलेली असते. तिच्याकडे कधी नीट बघ. चित्र काढत असते, पण आपण तिचं नाव घेतलं की पेन्सिल थांबते. मान वर करत नाही. सहा वर्षांच्या मुलीनं इतकं कान देऊन ऐकू नये. म्हणून लिहिते. डब्याच्या पिशवीत ठेवते, प्रदीप आणून देईल. मुलाला इंजिनियर केलं, आता पोस्टमन करते.

शुद्धलेखनाकडे बघू नकोस. शाळेत मी चौथीपर्यंत कन्नड शिकले. मराठी घरात बोलायची. वाचायला मी लग्नानंतर आपली आपण शिकले, इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयातून पुस्तकं आणून, ओळीवर बोट ठेवून. तुझे सासरे मशीनवर गणवेश शिवायचे आणि मी मागे बसून मोठ्यानं वाचायची. अडले की ते हसायचे. त्यांनाही तो शब्द येत नसायचा.

आता मुद्द्याचं. जूनमध्ये रूपश्रीला पहिलीत घालायचं आणि तुझी रजा तेव्हाच संपते. तुम्ही सर्जापूर रोडच्या मोठ्या शाळा बघताय. माझ्या घरामागे दोन गल्ल्या सोडून शालन मिसची शाळा आहे. इंग्रजी शिकवतात, पण पोरांशी कन्नडमधे बोलतात. त्या शाळेचे गणवेश आपल्या दुकानात वीस वर्षं शिवले गेले, त्यामुळे शाळा मला आतून माहीत आहे. रूपश्रीनं सोमवार ते शुक्रवार माझ्याकडे राहावं, शनिवारी तुमच्याकडे. विजापूरहून आली तेव्हापासून ती माझ्याशीच मोकळी बोलते, कारण मी कन्नड बोलते. इथे तिला जड जाणार नाही. तुलाही नोकरीवर जाता येईल.

गेल्या रविवारी ती बाहुलीशी खेळत होती. म्हणे हिचं नाव सुप्रीता होतं, आता परत दुसरं झालं, आणि हिचा फ्रॉकही परत दिला. मी म्हटलं, कुणाला दिला? तर म्हणाली, ‘अज्जी, ते खेळातलं आहे.’ डोकं फार चालतं पोरीचं.

विचार करून लिही.

तुझी आई,
अहल्या

*

बेळ्ळंदूर,
१६ नोव्हेंबर

ती. आईंना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही प्रेमानं सुचवलंत हे मला कळतं. पण रूपश्रीला आठवडाभर दुसरीकडे ठेवायचं माझ्या मनात नाही. तिला येऊन आठच महिने झालेत. माझ्या रजेचं आम्ही बघू, प्रदीप आठवड्यातले दोन दिवस घरून काम करू शकतो.

शनिवारी, तीस तारखेला, सर्जापूर रोडच्या शाळेत बोलावलं आहे. मुलाखत म्हणत नाहीत, ‘इंटरॅक्शन’ म्हणतात. मुलाला वीसेक मिनिटं आत नेतात, रंग विचारतात, चित्र दाखवतात, थोडं बोलतात. ती घरी आता इंग्रजीत रंग सांगते. माझ्याशी मराठीतही बोलते. माझं कन्नड तुमच्यासारखं नाही, हे मला माहीत आहे. पण मी रोज शिकते आहे, हेही तुम्हाला माहीत असू द्या.

एक विनंती. तिच्या आधीच्या आयुष्याबद्दल शालन मिस किंवा मंडळातल्या बायका यांच्याशी काही बोलू नका. कुणी विचारलं तर ‘विजापूरच्या संस्थेतून आणली’ एवढंच पुरे.

बाहुलीचं ती अजून काही बोलली का? बोलली तर मला कळवा. सहज विचारते.

सध्या एक नवीनच चाललंय. बाहेर निघायच्या वेळी तिच्या चपला सापडत नाहीत. परवा वॉशिंग मशीनमध्ये निघाल्या. प्रदीपला हसू येतं. मला घाईत राग येतो.

तुम्ही शुक्रवारी मुक्कामाला याल ना? तिला बरं वाटेल.

तुमची,
वीणा

*

बनशंकरी,
१ डिसेंबर

चि. सौ. वीणास आशीर्वाद.

काल तुमच्या गाडीतून मी घरी उतरले तेव्हा आपण कुणीच बोललो नाही. म्हणून आता लिहिते.

मी शुक्रवारी पिवळा फ्रॉक घेऊन आले. तूच म्हणाली होतीस अंगाबरोबर बसणारा, नीटस शीव. ह्यांच्या मशीनवर ह्यांच्या माघारी शिवलेला तो पहिलाच कपडा. शनिवारी सकाळी तिला न्हाऊ घातलं, दोन वेण्या घातल्या, अबोलीचा गजरा माळला. देवापुढे उभी करून ओवाळलं. तळहातावर दही-साखर दिली आणि म्हटलं, शहाण्यासारखी बोल, म्हणजे त्यांना तू आवडशील. प्रदीपच्या प्रत्येक परीक्षेला मी हेच केलं आहे. तिनं दही चाटलं नाही. मूठ मिटून उभी राहिली, ते कोपरापर्यंत ओघळलं.

मग गाडीत तिला शू झाली, ओला फ्रॉक तू बदललास. शाळेत ती आत गेली आणि बाहेर आली. त्या बाई म्हणाल्या, एक शब्द बोलली नाही. रंग नाही, नाव नाही, पूर्ण वेळ फरशीकडे बघत होती.

राग मानू नकोस, पण मला वाटतं ते बोलते. महिनाभर तू तिच्यामागे रेड, ब्लू, यल्लो लावलं आहेस. जेवताना, न्हाताना. त्या पोरीच्या तोंडात कन्नड आहे आणि तुम्ही त्यावर झाकण ठेवताय. माझ्याकडे ती अखंड बडबडते. जी मुलगी एका घरात बोलते आणि दुसऱ्या घरात मुकी होते, तिला कुठली शाळा पाहिजे हे शोधायला लांब जावं लागत नाही.

शालन मिसना मी विचारून ठेवलं आहे. जागा आहे.

अहल्या

*

बेळ्ळंदूर,
४ डिसेंबर

ती. आईंना नमस्कार.

हे पत्र पोस्टानं पाठवते आहे, रविवारपर्यंत थांबवत नाही.

ती माझ्या घरात मुकी नाही. तुम्ही शनिवार-रविवार बघता. सोमवारी सकाळी ती माझ्या मागे-मागे स्वयंपाकघरात फिरते, ते तुम्ही बघत नाही. मी बाथरूममध्ये गेले तर दाराबाहेर बसते. ती बोलते, माझ्या मोडक्या कन्नडला हसते, मला सुधारते. रंग मी तिच्यामागे लावले नाहीत, तिनेच सोसायटीतल्या मुलांकडून उचलले.

तुम्ही शालन मिसना काय सांगितलंत? मी विनंती केली होती.

चौदा तारखेला दुसऱ्या शाळेत जायचं आहे. या वेळी कृपा करून मुक्कामाला येऊ नका. घरात जितकी गडबड कमी तितकं बरं, असं मला वाटतं. प्रदीपलाही तसंच वाटतं, पण तो तुम्हाला सांगणार नाही.

वीणा

*

बनशंकरी,
८ डिसेंबर

चि. वीणास,

सरी, तसं तर तसं. येत नाही.

शालन मिसना मी फक्त वय आणि नाव सांगितलं.

पिवळा फ्रॉक धुऊन इस्त्री करून डब्याच्या पिशवीत ठेवला आहे. सोबत छोट्या डब्यात विरजण आहे. निघताना तेवढं दही-साखर तिच्या हातावर घाल. मी नसले तरी तेवढं व्हावं. बाकी काही मागत नाही.

अहल्या

*

बनशंकरी,
२२ डिसेंबर

चि. सौ. वीणास आशीर्वाद.

चौदा तारखेचं प्रदीपनं दारात उभ्या उभ्या सांगितलं. तिथेही तेच. गेल्या रविवारी तुम्ही आला नाहीत. आज प्रदीप एकटाच रूपश्रीला घेऊन आला. तू का आली नाहीस ते मी विचारलं नाही.

दुपारी प्रदीप झोपला होता. मी एक जुनं परकर-पोलकं उसवत बसले होते आणि ती माझ्याजवळ दोऱ्याचे तुकडे गोळा करत होती. मी वर न बघता कन्नडमधे विचारलं, शाळेत बोलली का नाहीस बाळा, भीती वाटली का? तर म्हणाली, नाही. मग? हातातला दोरा तिनं बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, ‘माताडिदरे अवरु इट्कोंतारे.’ तुझ्यासाठी मराठीत लिहिते: बोललं तर ते ठेवून घेतात.

मी म्हटलं, कोण ठेवून घेतं? ती म्हणाली, ‘तिथले. मी दोन्हीकडे गप्प बसले, म्हणून घरी आले.’ हे सांगताना ती खूष होती, वीणा. कोडं सुटल्यावर मूल होतं तशी. पुढे म्हणाली, ‘अज्जी, आणखी किती शाळा आहेत? मी सगळीकडे गप्प बसेन.’

आता मला खरं सांग. तुम्ही तिला हॉस्टेलला घालायचं बोलता आहात का? तिच्या कानावर तसं काही गेल्याशिवाय ती असं बोलणार नाही. तुझी नोकरी, प्रदीपची नोकरी, आणि मी तर तुम्हाला चालत नाही. तसं असेल तर मी आजच सांगते, मी जिवंत असताना ते होऊ देणार नाही. ती माझ्याकडे येईल. कपाटातला खालचा खण मी तिच्यासाठी केव्हाच रिकामा केला आहे.

उत्तर लगेच पाठव.

अहल्या

*

बेळ्ळंदूर,
२४ डिसेंबर

ती. आईंना साष्टांग नमस्कार.

हॉस्टेलचं कुणाच्या स्वप्नातही नाही. पण तुमचं पत्र वाचून मी खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले. घरात रडले तर ती बघते.

तुम्हाला एक गोष्ट आम्ही सांगितलेली नाही. आमच्याआधी रूपश्री एका कुटुंबात गेली होती. कायद्याचे कागद पूर्ण व्हायच्या आधी मूल त्या घरी राहायला जातं, तसं. दोन महिन्यांनी त्यांनी तिला संस्थेत परत आणून सोडलं. रात्री उठते, हट्ट करते, आमच्याशी जुळत नाही, असं लिहून दिलं. तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. त्यांनी तिचं नाव सुप्रीता ठेवलं होतं.

तुमच्या पहिल्या पत्रात बाहुलीचं वाचलं तेव्हाच मी ओळखलं. तरी मी तुम्हाला सांगितलं नाही. प्रदीप म्हणाला, बाबा जाऊन दोन वर्षं झाली नाहीत, आईला आणखी ओझं नको. माझं कारण वेगळं होतं. मला भीती वाटली की मंडळात कुणीतरी तिला ‘परत केलेली मुलगी’ म्हणेल. ते शब्द तुमच्या घरात कधी ऐकू येऊ नयेत, असं वाटलं. तुमच्यावर तेवढा विश्वास ठेवायला हवा होता.

आज सकाळी मी विजापूरला संस्थेतल्या अक्कांना फोन केला. विचारलं, मूल दत्तक जातं त्या दिवशी तुम्ही काय करता? त्या कौतुकानं सांगू लागल्या. न्हाऊ घालतो. देणगीतला नवा फ्रॉक घालतो. वेण्या, फुलं. देवापुढे ओवाळतो, हातावर साखर ठेवतो. आणि सगळ्या आया सांगतात, शहाण्यासारखी बोल, म्हणजे त्यांना तू आवडशील. रूपश्रीचं हे त्यांनी दोनदा केलं. पहिल्यांदा त्या लोकांकडे पाठवताना आणि मग आमच्याकडे. आणि त्याआधी लोक मुलं बघायला यायचे तेव्हा जी मुलं गाणं म्हणायची, बोलायची, ती जायची. हे तिला कुणी शिकवलं नाही, तिनं पाहिलं.

आई, यात तुमचा काही दोष नाही. चौदा तारखेला दही-साखर मीच घातली, तुमचं विरजण लावून, तुम्ही दुखावलात म्हणून. तो पिवळा फ्रॉकही मीच घातला.

आणि त्या दिवशी घरी आल्यावर मी काय केलं ते लिहायला मला दोन दिवस लागले असते, पण आज लिहिते. सकाळी निघताना चपला परत सापडल्या नव्हत्या, शाळेतून ‘नंतर कळवू’ असं तोंडावर सांगितलेलं, माझं ऑफिस जूनच्या आधीच बोलावत होतं. मी तिच्यावर ओरडले. म्हणाले, मग काय करायचं तुझं? कुठे ठेवायचं तुला? मला शाळा म्हणायचं होतं. ती आत गेली. पाच मिनिटांनी आली तेव्हा खांद्यावर तिची पिशवी होती. आत दोन फ्रॉक, ब्रश आणि ती बाहुली. रडत नव्हती. दारापाशी जाऊन उभी राहिली. आणि चपला तिनं स्वतः शोधून पायात घातल्या होत्या.

म्हणून मी रविवारी आले नाही. तुमच्यासमोर बसायची हिंमत नव्हती.

मला काय करावं कळत नाही. शाळा तर हवीच. पण तिला कुठेही नेलं की परत तेच होतं.

तुमची,
वीणा

*

बनशंकरी,
२९ डिसेंबर

चि. सौ. वीणास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी रोज एकदा वाचते आहे. पोस्टमन दुपारी आला, मी संध्याकाळचा दिवा लावायला विसरले.

माझंही ऐक. ऑक्टोबरात, तुला पहिलं पत्र लिहायच्या आधी, मी रूपश्रीला विचारलं होतं. म्हटलं, अज्जीकडे राहायला येशील? हा खण तुझा, नवे फ्रॉक शिवीन. ती काही बोलली नाही. मी समजले तिला आवडलं. चपला हरवायला कधी सुरुवात झाली ते तूच लिहिलं आहेस. मी हिशोब केला आणि मशीनवर जाऊन नुसती बसले.

शालन मिसना आज सांगून आले की जागा दुसऱ्या कुणाला द्या. शाळा चांगली आहे, पण मी ती शाळेसाठी निवडली नव्हती. ह्यांना जाऊन दोन वर्षं होतील. सकाळी उठून कुणासाठी डबा भरायचा नाही, ही सवय मला लागत नाही. मला वाटलं, पोरगी येईल, सहा वाजता उठवीन, वेणी घालीन. ते माझं होतं. तिला तिसऱ्यांदा घर बदलायला लावून ते मिळवायचं नाही.

‘परत केलेली’ हा शब्द माझ्या घरात कुणी काढणार नाही. मंडळातल्या बायका मला वचकून असतात, तुला माहीत आहे.

आता ओरडण्याचं. प्रदीप सातवीत असताना मी त्याला दुकानाबाहेर काढून शटर ओढलं होतं. तो गुंडूरावांच्या हॉटेलात जाऊन दोसा खाऊन आला आणि बिल आमच्या नावावर लावलं. त्याला ठाऊक होतं शटर उघडणार. तिला ते ठाऊक नाही, एवढाच फरक आहे. तिची पिशवी तू रिकामी केलीस का? तिच्या देखत कर. एक-एक कपडा तिच्या हातात दे आणि तिलाच तिच्या खणात ठेवू दे. पिशवी माझ्याकडे पाठवून दे, मला भाजीला होईल.

आणि शाळेचं माझ्या डोक्यात असं येतं. दोन्हीकडे तिला दाखवायला नेलं. आता तिनं बघायला जावं. आधी तू एकटी जा. शाळेला सांग, पोरीला एकही प्रश्न विचारू नका, ती विचारेल त्याला उत्तर द्या. जी शाळा याला हसेल ती सोडून दे. जाताना रोजचा फ्रॉक घाल, तो निळा, कोपरावर ठिगळ आहे तो. फुलं नाहीत, ओवाळणं नाही, दही नाही. मीही नाही.

माझं चुकत असेल. मी कुठे शिकलेली आहे? पण आता दोघींनी मिळून चुकलेलं बरं.

आई

*

बेळ्ळंदूर,
१८ जानेवारी २०२५

ती. आईंना साष्टांग नमस्कार.

मोठ्या शाळेत मी हे बोलले तेव्हा त्या बाईंनी मला समुपदेशकाचं कार्ड दिलं. दुसरीकडे म्हणाले, अशी पद्धत नाही. तिसरी शाळा आमच्या मागच्या रस्त्यावर आहे, इतकी छोटी की मी आठ वर्षं समोरून जात होते आणि मला ती दवाखाना वाटायची. मुख्याध्यापिका प्रेमा मिस धारवाडच्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि एवढंच विचारलं, ‘कधी येते?’

बुधवारी गेलो. मी, प्रदीप, ती. निळा फ्रॉक. तिनं माझा हात सोडला नाही. प्रेमा मिस गेटशी आल्या आणि म्हणाल्या, ‘बा, आत ये. ही शाळा. काय बघायचंय?’

ती माझ्या मागे सरकली. प्रदीप पुढे होऊन काही बोलणार होता, मी त्याला चिमटा काढला. मग ती फरशीकडे बघूनच म्हणाली, मुलं कुठे झोपतात?

मिस म्हणाल्या, इथे कुणी झोपत नाही. तीन वाजता सगळी घरी जातात.

‘सगळी?’

‘सगळी. मी पण.’

तिला पटलं नाही. आई, तिनं ती शाळा पोलिसासारखी तपासली. प्रत्येक वर्गात शिरली, टेबलाखाली वाकली, कपाटं उघडायला लावली. एका खोलीला कुलूप होतं. ती तिथून हलेना. मिसनी शिपायाला बोलावून किल्ली मागवली. आत ढोल, झेंडे आणि भिंतीशी गुंडाळलेल्या गाद्या. ती गाद्यांकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे, जणू मी तिला फसवून आणलं. मिस म्हणाल्या, त्या उड्या मारायच्या आहेत. तिनं एक उलगडली, वर आडवी झाली, हातानं चाचपलं आणि म्हणाली, ‘उशी नाही.’ ‘नाही,’ मिस म्हणाल्या. ‘पांघरूण?’ ‘तेही नाही.’ मग ती उठली.

तरी निघेना. तीन वाजेपर्यंत आम्ही गेटशी उभे होतो. प्रदीपनं तिथूनच एक मीटिंग केली. घंटा झाली, मुलं बाहेर पडली. एकेक व्हॅन, एकेक रिक्षा ती बघत होती. शेवटी एक मुलगा राहिला, त्याची आई ट्रॅफिकमध्ये अडकली होती. सगळं रिकामं झालं आणि तो एकटा पायरीवर बसून चिवडा खात होता. मी म्हटलं, चल आता. ती म्हणाली, ‘हा?’ आणि माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. मी मनात त्या बाईला शिव्या देत होते आणि देवाला विनवत होते. त्याची आई आली, रिक्षातून उतरून धावत, पदर सुटलेला. मुलगा उठला, उरलेला चिवडा तिच्या हातात दिला आणि रिक्षात बसला. एवढंच. शिपायानं गेट लावलं. मिसही स्कूटरवर बसून गेल्या.

गाडीत ती शाळा दिसेनाशी होईपर्यंत मागच्या काचेतून बघत राहिली. मग मला मराठीत म्हणाली, ‘उद्या परत बघू.’

तीन दिवस गेलो, तीन वाजेपर्यंत. प्रदीप म्हणाला, एवढी चौकशी मी फ्लॅट घेताना केली नव्हती. तिसऱ्या दिवशी ती एका वर्गात शिरली आणि बाहेर आलीच नाही. मी खिडकीतून बघितलं. बाकावर बसून शेजारच्या मुलीला सांगत होती की इथे झोपायची सोय नाही, मी सगळं बघितलंय.

काल चपला दारातच होत्या.

प्रदीपला अजून वाटतं की मोठी शाळा हातची गेली. वाटू दे. प्रवेश घेतला.

गणवेश बाहेरून घ्यावा लागतो, शाळा फक्त कापड देते. ते पाठवते आहे. तुमच्याशिवाय कुणाला शिवायला सांगू?

तुमची,
वीणा

*

बनशंकरी,
२५ मे २०२५

चि. सौ. वीणास अनेक आशीर्वाद.

दोन गणवेश आणि तिसरा खेळाचा, पिशवीत ठेवले आहेत. शनिवारी मापाला उभी राहिली तेव्हा काय झालं ते तुला सांगायला तिला वेळ मिळाला नसेल, वाटेत झोपली म्हणून प्रदीप म्हणाला.

मी घेर खालून आत दुमडत होते. तुझे सासरे प्रत्येक गणवेशाला चार बोटं मुडप ठेवायचे. गिऱ्हाईक कुरकुरायचं, खाली जड होतं, पोरीला बोजड दिसतं. हे म्हणायचे, दिसू दे, पोर वाढणार आहे. ती बघत होती. म्हणाली, अज्जी, एवढं कापड आत का लपवतेस? मी म्हटलं, लपवत नाही. पुढच्या वर्षी तू उंच झालीस की एक बोट खाली सोडायचं. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक.

‘याच शाळेत?’

‘याच शाळेत, याच फ्रॉकमधे.’

‘कोण सोडणार?’

मी म्हटलं, माझे डोळे चालले तर मी, नाहीतर तुझी आई. तर म्हणाली, आईला उसवता येत नाही, ती कात्रीनं कापते. मग तूच शीक, असं म्हणून टाके काढायची उसवणी तिच्या हातात दिली. तिनं आपली चार बोटं त्या घडीत घालून बघितली. माझी चार बोटं म्हणजे तिची सहा होतात. तेही तिच्या लक्षात आलं, आणि आवडलं.

मग उठली आणि कपाटातून पिवळा फ्रॉक घेऊन आली. तुम्ही तो माझ्याकडे टाकला होता तो. उलटा करून घेर माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, ‘इथे काही नाही.’

खरंच नव्हतं. मी तो एका दिवसापुरता शिवला होता. तिच्यासमोर बसून त्याला खालून पट्टी जोडली, दुमडून मुडप घातली. तसलं पिवळं कापड आता मिळत नाही, पट्टीचा रंग जुळत नाही. तिला चालतो म्हणाली.

शाळा दोन तारखेला सुरू होते. सकाळी काही करू नकोस, रोजच्यासारखं पाठव. दही-साखर संध्याकाळी घालू, ती घरी आल्यावर. मी दुपारीच येऊन दारात बसेन. दही इथूनच विरजून आणते, तुमच्या फ्रिजमधलं फार गार असतं.

तुझी आई,
अहल्या